रोलरवर इंटरव्हल होत नाहीत म्हणे!

सायकलवाल्यांमधे वर्षानुवर्षं एक समज फिरतोय की रोलर (घरात सायकल जागेवर चालवायची फिरत्या ड्रमांची चौकट, सायकल वर मोकळीच असते) म्हणजे नुसता बॅलन्सचा खेळ, रेझिस्टन्स शून्य, इंटरव्हल (आलटून पालटून जोरात-हळू) करायचे तर ट्रेनरच (सायकल घट्ट धरून ठेवणारा स्टँड) घ्या. अर्धवट खरंय ते.

रेझिस्टन्स असतो, तो येतो ड्रमच्या साइझवरून. साडेचार इंची जाड ड्रमवर चाक लोण्यासारखं पळतं, पण तीन किंवा सव्वादोन इंचीवर टायर जास्त दबतो आणि त्याच स्पीडला पाय भरून येतात. टायरमधली हवा थोडी कमी केली की अजून जड. त्यामुळे घेताना रंग नाही, ड्रमचा व्यास विचारा (दुकानदाराला बहुतेक माहीत नसतो, टेप घेऊन जा).

मी पावसाळ्यात गॅलरीत ३ मिनिटं जोरात, ३ मिनिटं हळू असे ५ सेट मारतो, गिअर वाढवायचा, केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ९५ च्या आसपास, आणि चौथ्या सेटला टेबल फॅन समोर असूनही घाम हँडलवरून टपटपतो. मीटरवर ४५ दिसलं म्हणून हुरळू नका, समोरून वारा नसतो ना.

सीटवरून उठून १० सेकंदांचे फुल स्प्रिंट मात्र साध्या रोलरवर नकोच, तिथे ट्रेनरच बरा. पुढचा ड्रम पुढच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर खाली किंवा किंचित पुढे हवा, आणि पहिले काही दिवस दाराच्या चौकटीतच चालवा, दोन्हीकडे हात टेकतात.