कप गाजवला आणि लीगमध्ये बुडाले, दोष नक्की कुणाचा?

११ मे २०१३ ला वेम्बलीवर विगन अॅथलेटिकनं मँचेस्टर सिटीला १-० हरवून एफए कप, म्हणजे हरलं की बाहेर अशी इंग्लंडची जुनी स्पर्धा, उचलला. गोल ९१व्या मिनिटाला, बेन वॉटसनचं हेडर, आणि हा वॉटसन त्याच सीझनमध्ये पाय मोडून कित्येक महिने बाहेर बसलेला माणूस. त्यानंतर तीनच दिवसांनी, १४ मेला, आर्सेनलकडून ४-१ मार खाऊन हीच टीम प्रीमियर लीगमधून खाली गेली (वीस टीम्सच्या या लीगमधल्या शेवटच्या तीन दर वर्षी खालच्या डिव्हिजनला जातात, त्यालाच रेलिगेट होणं म्हणतात). एकाच सीझनमध्ये एफए कप जिंकणारी आणि रेलिगेट होणारी ही पहिलीच टीम.

तेव्हापासून तळातली एखादी टीम कपमध्ये दोन राउंड पुढे गेली की विगनचं नाव निघतंच. बाणेर-वाकडच्या टर्फवर रात्री खेळून झाल्यावर किंवा कर्वे रोडला चहा घेत जे वाद चालतात त्यात दोन पार्ट्या ठरलेल्या असतात. एक म्हणते कपच्या नादात लीग घालवली, पोरं दमली, लक्ष उडालं. दुसरी म्हणते उलट आहे रे, जिंकायची सवय लागली की लीगमध्येही गाडी सुटते. गंमत म्हणजे दोघांकडेही उदाहरणं तयार असतात. पहिल्या पार्टीकडे विगन, शिवाय २०११ ची बर्मिंगहॅम सिटी, जी फेब्रुवारीत फायनलला आर्सेनलला २-१ हरवून लीग कप, म्हणजे इंग्लंडचा दुसरा कप, घेऊन गेली आणि मे महिन्यात १८व्या नंबरवर येऊन खाली गेली. दुसऱ्या पार्टीकडे २०२४-२५ चा क्रिस्टल पॅलेस, पहिल्या आठ लीग मॅचमध्ये एकही विजय नाही आणि शेवटी एफए कप घेऊन लीगमध्ये आरामात १२वे.

उदाहरणाला उदाहरण लावत बसलं तर हा वाद पहाटेपर्यंत संपायचा नाही. म्हणून शरीरापासून सुरुवात करू, कारण तिथे मोजमाप तरी आहे.

९० मिनिटांत वरच्या लेव्हलचा खेळाडू साधारण १० ते १३ किलोमीटर पळतो, पण खरा खर्च त्या किलोमीटरचा नसतो, तो मधल्या स्प्रिंटचा आणि अचानक थांबण्या-वळण्याचा असतो. डेन्मार्कच्या संशोधकांनी मॅचच्या आधी आणि नंतर खेळाडूंच्या मांडीच्या स्नायूतून सुईनं बारीक तुकडे काढून तपासले (हो, खरंच, मॅच संपल्या संपल्या मांडीत सुई, आणि पोरं तयार झाली). स्नायूत ग्लायकोजेन म्हणून साठवलेली साखर असते, जोरात पळताना तीच जळते. मॅच संपल्यावर साधारण निम्मे तंतू या ग्लायकोजेनपासून पूर्ण किंवा जवळपास पूर्ण रिकामे झालेले सापडले. सरासरी काढली तर टाकीत अजून बरंच शिल्लक दिसतं, पण त्या निम्म्या तंतूंना त्या सरासरीचा काय उपयोग, ते कोरडेच. ही टाकी नीट भरायला दोन ते तीन दिवस लागतात, भरपूर भात-पास्ता खाऊनसुद्धा. त्यात ब्रेक मारताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्यानं जे बारीक नुकसान होतं ते भरून यायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो.

आता विगनचं कॅलेंडर बघा. ४ मेला वेस्ट ब्रॉमला त्यांच्याच मैदानावर ३-२ हरवलं, ७ मेला घरी स्वान्सीकडून ३-२ हरले, ११ मेला कप फायनल, १४ मेला आर्सेनल. ११ दिवसांत चार मॅच. आणि यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. एफए कपमध्ये प्रीमियर लीगच्या टीमला जानेवारीपासून जेमतेम सहा राउंड खेळायचे असतात, साधारण महिन्याला एक, त्यानं कुणी मरत नाही. त्रास होतो तो कपमुळे पुढे ढकललेल्या लीग मॅचचा. त्या एप्रिल-मेमध्ये मंगळवार-बुधवारी कोंबल्या जातात, म्हणजे नेमक्या तेव्हा जेव्हा एकेका पॉइंटला जीव जात असतो.

मग दमलेली टीम वाईट खेळते का? इथे उत्तर जरा अनपेक्षित आहे. स्कॉटलंडमधल्या एका मोठ्या क्लबच्या ३२ खेळाडूंवर दोन सीझन अभ्यास झाला, २०१० मध्ये छापून आला. आठवड्यात एक मॅच आणि आठवड्यात दोन मॅच, अशी तुलना. पळालेलं अंतर तेवढंच, स्प्रिंट तेवढेच, जोरात पळणं तेवढंच. पण इंज्युरीचं प्रमाण दर १००० तासांमागे ४.१ वरून थेट २५.६. सहा पट! म्हणजे खेळाडू पळायचं कमी करत नाही, तो तसाच पळतो आणि मोडतो. युएफानं, म्हणजे युरोपातल्या फुटबॉलच्या संघटनेनं, तिथल्या क्लब्जवर अनेक वर्षं जो इंज्युरीचा अभ्यास चालवला त्यातही साधारण हेच दिसलं, चार दिवस किंवा त्याहून कमी गॅप असेल तर स्नायूंच्या इंज्युरी वाढतात, टीमच्या रिझल्टवर मात्र फारसा फरक दिसत नाही.

रिझल्टवर फरक नाही हे वाचून दुसऱ्या पार्टीनं लगेच उड्या मारू नयेत. हे अभ्यास झाले ते मोठ्या क्लब्जवर, ज्यांच्या बेंचवर बसलेला माणूससुद्धा दुसऱ्या देशाच्या नॅशनल टीमचा असतो. त्यांचा लेफ्ट बॅक गेला तर दुसरा लेफ्ट बॅक येतो. तळातल्या टीमचा लेफ्ट बॅक गेला तर मिडफिल्डर तिथे उभा करावा लागतो, मग मिडफिल्डमध्ये एक पोरगा येतो ज्याला गेल्या वर्षी थर्ड डिव्हिजनला लोनवर पाठवलं होतं. इंज्युरी दोघांनाही होते, पण तीच इंज्युरी एकाला दोन पॉइंटना पडते आणि दुसऱ्याला अख्ख्या सीझनला. माझं मत विचाराल तर कप रनचा जो काही खरा तोटा आहे तो इथे आहे, स्क्वॉडच्या तळाशी. 'लक्ष विचलित झालं' वगैरे मला फारसं पटत नाही, प्रोफेशनल लोकांना मंगळवारची मॅच मंगळवारी आहे हे माहीत असतं.

पण हा तोटा विगनला बुडवण्याएवढा होता का? आता जरा आकडेमोड, साधीच आहे.

समजा एक कमकुवत टीम आहे. प्रत्येक लीग मॅचला जिंकायची शक्यता २५ टक्के, बरोबरीची २५, हरायची ५०. विजयाला ३ पॉइंट, बरोबरीला १, म्हणजे सरासरी मॅचमागे बरोब्बर एक पॉइंट. ३८ मॅचला ३८ पॉइंट, म्हणजे काठावर. टीमची ताकद सीझनभर अजिबात बदलत नाही असं धरा, ना कप, ना थकवा, ना कॉन्फिडन्स. तरी नुसत्या नशिबानं सीझनचा टोटल किती हलेल? गणित करून बघितलं तर तो आकडा साडेसात पॉइंटच्या आसपास येतो, म्हणजे तीनातल्या दोन सीझनला ही टीम ३० ते ४६ च्या मध्ये कुठेतरी असेल. ३० ला नक्की खाली, ४६ ला बिनघोर. टीम तीच, मॅनेजर तोच, चहासुद्धा तोच.

आणि सहा मॅचचा तुकडा घेतला तर सरासरी ६ पॉइंट, पण ३ ते ९ हे अगदी नॉर्मल. कप फायनलच्या आधीच्या सहा मॅचमध्ये ९ आणि नंतरच्या सहामध्ये ३ असं झालं तर पेपरात हेडिंग काय येईल ते सांगायला नको. प्रत्यक्षात काहीच झालेलं नसतं. वर त्यात अजून एक मेख आहे, कपमध्ये पुढे जाणारी टीम बहुतेक वेळा चांगल्या फॉर्मच्या तुकड्यात असतानाच पुढे जाते, नाहीतर जाईलच कशी, आणि चांगला तुकडा संपला की टीम आपल्या मूळ लायकीवर परत येते. ते परत येणं कपनंतर दिसतं म्हणून कपच्या नावावर खपतं.

विगनचाच पुरावा घ्या. २०१२-१३ मध्ये त्यांचा हिशोब होता ९ विजय, ९ बरोबरी, २० हार, ३६ पॉइंट, नंबर १८, खाली. तीन वर्षं मागे जा, २००९-१०. ९ विजय, ९ बरोबरी, २० हार, ३६ पॉइंट. तंतोतंत तेच! त्या वर्षी कपमध्ये नॉट्स काउंटीनं त्यांना चौथ्या राउंडलाच घरी पाठवलं होतं, वेम्बली वगैरे काही नाही. पण नंबर आला १६ आणि टीम वाचली, कारण त्या वर्षी खालच्या टीम्स अजून वाईट होत्या, त्यात पोर्ट्समथचे तर पैशाच्या भानगडीत ९ पॉइंट कापले गेले होते. आणि हीच पोर्ट्समथ त्याच वर्षी एफए कपच्या फायनलला पोचली होती, म्हणजे 'कपमुळे बुडाले' वाल्यांच्या यादीत तीही असते. दिवाळखोर क्लब, पगार वेळेवर नाहीत, पॉइंट कापलेले, आणि दोष कपचा.

मिडल्सब्रोचंही तसंच. १९९६-९७ मध्ये एफए कप आणि लीग कप दोन्हीच्या फायनल, दोन्ही हरले, आणि रेलिगेट. ऐकायला अगदी कपनं घात केल्यासारखं. पण डिसेंबरमध्ये आजारी आणि इंज्युअर्ड खेळाडूंचं कारण देऊन ते ब्लॅकबर्नला मॅच खेळायला गेलेच नाहीत म्हणून ३ पॉइंट कापले गेले, ते नसते कापले तर टीम १४वी आली असती.

आपल्याकडे पुरुषोत्तमच्या (कॉलेजांची एकांकिका स्पर्धा) तालमींमुळे केटी लागली असं घरी सांगणारी पोरं दर वर्षी असतात, आणि त्यातली बरीचशी तालमीला गेली नसती तरी लायब्ररीत गेली नसती हे त्यांच्या आईला बरोबर माहीत असतं. फुटबॉलच्या फॅनना मात्र ही साधी शंका येत नाही. कप न खेळता मिळालेल्या मोकळ्या आठवड्यात टीमनं नेमकं काय उजेड पाडला असता?

कॉन्फिडन्सवाल्या पार्टीचीही तपासणी व्हायला पाहिजे. २०२४ ला जानेवारीत ईस्ट बंगालनं भुवनेश्वरला ओडिशाला ३-२ हरवून सुपर कप घेतला, कोलकात्यात नुसता जल्लोष. आयएसएलमध्ये, म्हणजे आपल्या देशातल्या मुख्य लीगमध्ये, शेवटी नंबर ९. उलट बाजूला नॉर्थईस्ट युनायटेड. ऑगस्ट २०२४ ला ड्युरँड कप जिंकले, आणि आयएसएलमध्ये आदल्या वर्षीच्या ७ वरून ४ वर आले. हे उदाहरण मला जास्त आवडतं कारण ड्युरँड लीगच्या आधी असतो, त्यामुळे मॅचच्या गर्दीचा प्रश्नच येत नाही, राहिला तर कॉन्फिडन्सच. पण त्याच वर्षी त्यांनी अलाएद्दीन अजराई नावाचा मोरोक्कन फॉरवर्ड आणला आणि त्यानं लीगमध्ये २३ गोल ठोकले. आता यात कॉन्फिडन्स किती आणि अजराई किती हे वेगळं काढून दाखवा.

एक प्रकार मात्र असा आहे जिथे कपनं लीग खरोखर खाल्ली असं म्हणता येतं, पण तिथे ते मुद्दाम खाऊ दिलेलं असतं. २०२४-२५ ची टॉटनहॅम. लीगमध्ये २२ हार, ३८ पॉइंट, नंबर १७, आणि २१ मेला बिल्बाओला युरोपा लीगची (युरोपातल्या क्लब्जचा दुसऱ्या नंबरचा कप) फायनल १-० जिंकली, तीही मँचेस्टर युनायटेडविरुद्ध जे स्वतः १५वे होते. त्या वर्षी खालच्या तीन टीम्स इतक्या मागे पडल्या होत्या की १७व्या नंबरलाही भीती नव्हती, मग मॅनेजर पोस्टेकोग्लूनी लीगमध्ये मेन खेळाडूंना आराम दिला, युरोपात उतरवलं. जिंकलं तर पुढच्या वर्षी थेट चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातली सगळ्यात मोठी स्पर्धा, खेळायला मिळणार होती, हिशोब चोख होता. इथे बाण उलटा आहे, लीग हातातून गेली म्हणून कप महत्त्वाचा झाला. नुसता टेबल बघणाऱ्याला हे कळणार नाही. (पोस्टेकोग्लूंना ६ जूनला काढलं, ते वेगळंच.)

मग हे सगळं सुटं कसं करायचं? माझ्या डोक्यात एक प्रयोग आहे आणि तो करायला लॅब लागत नाही. ज्या कप मॅच पेनल्टी शूटआउटवर संपल्या फक्त त्या घ्यायच्या. शूटआउट म्हणजे नाणेफेक नाही पण तिच्या बऱ्यापैकी जवळ, ९० मिनिटांत दोन्ही टीम्स सारख्याच ठरलेल्या, त्यामुळे जिंकणारी आणि हरणारी टीम त्या दिवशी साधारण एकाच फॉर्मची, आणि दोघीही तेवढ्याच दमलेल्या. एक कपमध्ये पुढे गेली, दुसरी बाहेर. आता दोघींच्या पुढच्या दहा लीग मॅचचे पॉइंट मोजायचे, आणि आपण कमकुवत टीमबद्दल बोलतोय म्हणून प्रत्येक टीमचा त्या वेळचा टेबलमधला नंबर बाजूला लिहायचा. चार-पाच जोड्यांत काही दिसणार नाही, सहा मॅचचा आकडा किती हलतो ते वर बघितलंच, शेकड्यांनी जोड्या लागतील. पण त्या मिळू शकतात. लीग कपच्या सुरुवातीच्या राउंडमध्ये आता एक्स्ट्रा टाइम नाही, थेट पेनल्टी, आणि एफए कपनं २०२४-२५ पासून रिप्लेच बंद केले, म्हणजे पूर्वी जी मॅच दुसऱ्यांदा खेळली जायची ती आता त्याच रात्री शूटआउटवर संपू शकते. रिझल्ट सगळे नेटवर फुकट पडलेत. फर्ग्युसनला किंवा विद्यापीठात स्टॅट्स करणाऱ्या कुणाला प्रोजेक्टला विषय सापडत नसेल तर घ्या, एक्सेल येत असलं तरी पुरे.