कमांड लाइनवरून स्थानिक नेटवर्कमधील उपकरणांचा शोध

एकाच राउटरला जोडलेले संगणक, प्रिंटर, मोबाइल, कॅमेरे यांचे आयपी पत्ते (नेटवर्कमधील प्रत्येक उपकरणाला मिळणारा क्रमांक) टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, आज्ञा देऊन हुडकून काढण्याची पद्धत. विदर्भातल्या ग्रामपंचायती, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि हिंगणघाट-पांढरकवडा पट्ट्यातल्या जिनिंगमध्ये ती फार उपयोगी आहे. लाइट जाऊन परत आली की राउटर नव्याने सुरू होतो आणि डीएचसीपीने (आपोआप आयपी पत्ते देणाऱ्या यंत्रणेने) पुन्हा पत्ते वाटू शकतो. मग प्रिंटरचा पत्ता बदलतो आणि दाखल्यासाठी आलेली माणसे खोळंबतात. तालुक्याहून दुरुस्तीवाला येईपर्यंत दिवस जातो. संगणक परिचालकाला ही पद्धत ठाऊक असेल तर काम तिथल्या तिथे उरकते.

आधी आपलाच पत्ता पाहावा : विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग’, लिनक्सवर ‘आयपी ॲड्रेस’. तो १९२.१६८.१.२० आणि मास्क /२४ (म्हणजे पत्त्याचे पहिले तीन आकडे सर्वांचे सारखे) असेल, तर शोधायचे पत्ते २५४.

माइक मूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेले, यंत्राला हाक देऊन उत्तर येते का ते पाहणारे ‘पिंग’ सर्वांना माहीत असते, पण विंडोजची फायरवॉल (नको असलेली जोडणी अडवणारी व्यवस्था) पिंगला अनेकदा उत्तरच देऊ देत नाही. उत्तर नाही म्हणजे यंत्र बंद, हा निष्कर्ष सर्रास काढला जातो आणि तो चुकीचा असतो. भरवशाचा मार्ग एआरपीचा (आयपीवरून मॅक पत्ता शोधण्याची पद्धत, १९८२). ‘हा आयपी कोणाचा?’ असा पुकारा सर्वांना जातो आणि ज्याचा तो असेल तो आपला मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) कळवतो. आयपीव्ही४ वर (वरच्यासारख्या चार आकड्यांच्या पत्त्यांवर) शेजारच्या यंत्राशी बोलायचे तर हे उत्तर द्यावेच लागते, म्हणून पिंगला गप्प राहणारी यंत्रेही इथे सापडतात. ‘एआरपी-स्कॅन’ हेच काम करते. गॉर्डन लायन यांचे ‘एनमॅप’ (१९९७) ‘-एसएन’ (फक्त यंत्रे शोधण्याच्या) पर्यायासह चालवले तर तेही स्थानिक नेटवर्कवर एआरपीच वापरते. मात्र लिनक्सवर त्यासाठी ‘सुडो’ (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लागते. ते विसरल्यास एनमॅप टीसीपी जोडणी करून पाहते आणि काही यंत्रे निसटतात. नुसत्या ‘एआरपी -ए’वर विसंबू नये, त्यात अलीकडे आपल्या संगणकाशी बोललेलीच यंत्रे दिसतात.

मॅक पत्त्याच्या ४८ बिटांपैकी पहिल्या २४ बिटांवरून सहसा उत्पादक कळतो, त्यामुळे प्रिंटर कोणता आणि कॅमेरा कोणता हे ओळखता येते. अँड्रॉइड १० पासूनचे फोन बहुधा बनावट मॅक पत्ता दाखवतात, तिथे ही खूण चालत नाही. नावानिशी शोधायचे तर लिनक्सवर ‘अवाही-ब्राउझ’ आहे.

एआरपी राउटर ओलांडत नाही. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) वेगळ्या राउटरमागे असेल तर त्या राउटरला जोडूनच शोध घ्यावा लागतो. शोध आपल्या किंवा परवानगी असलेल्या नेटवर्कपुरताच ठेवावा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ विनापरवानगी प्रवेशाला लागू होते.

प्रिंटर सापडल्यावर राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये त्याच्या मॅक पत्त्यासाठी एक आयपी राखून ठेवावा, म्हणजे लाइट कितीदा गेली तरी पत्ता तोच राहतो.