‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं?’ : विदर्भातल्या खेड्यांतील मानापमानाची पार्श्वभूमी

‘आजकाल कोनाले काई बोलाची सोयच नाही रायली.’ विदर्भातल्या कोणत्याही खेड्यात पारावर, सोसायटीच्या ओट्यावर किंवा लग्नाच्या मांडवात हे वाक्य कानावर पडतंच. म्हणणारा बहुधा साठी ओलांडलेला असतो. पूर्वीची माणसं थट्टा पचवायची, शिवी हसण्यावारी न्यायची, आणि आता स्टेटसवरच्या एका ओळीवरून प्रकरण पोलीस ठाण्यात जातं, असं त्याचं म्हणणं. ठाण्याबद्दल तो बोलतो ते खरं आहे. पूर्वीच्या सोशिकपणाबद्दल मात्र जरा मागे जाऊन पाहावं लागतं.

नागपूर, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) या भागात १९५१ पर्यंत मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालकाची पद्धत, होती. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याने थेट सरकारला सारा भरायची पद्धत, असली तरी पाटील-देशमुखांचा दरारा त्यापेक्षा कमी नव्हता. वाड्यासमोरून जाताना चपला हातात घ्यायच्या, मालक दिसला की खाटेवरून उठायचं, ‘जोहार मायबाप’ म्हणायचं, हे सगळं तेव्हाचं रोजचं वागणं. त्यात कसूर झाली की अपमान व्हायचा, आणि तो वाड्याचा व्हायचा. तेव्हा साध्यासुध्या वागण्यावरून बिनसणारी माणसं कमी नव्हती. ज्याला खालून बोलायची मुभाच नव्हती त्याच्या गप्प बसण्याला पुढच्या पिढ्यांनी सोशिकपणा म्हटलं.

नमस्कार बदलला तेव्हा हे उघडं पडलं. १९३० च्या दशकात कामठीच्या एका तरुण नेत्याने ‘जय भीम’ रुजवायला सुरुवात केली आणि ‘जोहार’ मागे पडू लागला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली. त्यानंतर गावोगावी मेलेली ढोरं ओढणं आणि गावकीची वेठ करणं लोकांनी सोडलं. ज्यांनी ही कामं सोडली त्यांनी कोणाला शिवी दिली नव्हती की कोणावर हात उचलला नव्हता. तरी अनेक गावांना तो आपला अपमान वाटला, आणि पाणी, मजुरी, किराणा तोडून त्याची वसुली झाली. किरकोळ गोष्ट मनाला लावून घेतल्याचं याहून ठळक उदाहरण नंतरच्या काळात शोधावं लागेल.

कायद्याचा क्रम वाचकांना माहीत आहे : १९५५ चा अस्पृश्यता कायदा, १९७६ मध्ये त्याचं बदललेलं नाव आणि वाढलेल्या शिक्षा, मग १९८९ चा अनुसूचित जाती-जमातींसाठीचा अत्याचार प्रतिबंधक (ॲट्रॉसिटी) कायदा. या शेवटच्या कायद्यातल्या एकाच अटीचा इथे संबंध आहे. जातीवरून केलेला अपमान ‘लोकांच्या नजरेस पडेल अशा जागी’ झालेला असावा लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी हजर नसताना उच्चारलेले शब्द त्यात बसत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. म्हणजे माजघरात एकट्या मोलकरणीला जे ऐकून घ्यावं लागतं ते बहुतेकदा या कलमाबाहेर राहतं. ‘आजकाल तोंडातून शब्द निघाला की केस होते’ असं म्हणणाऱ्यांनी ही अट कधी वाचलेली नसते.

यापुढचा, म्हणजे गेल्या वीस वर्षांतला काळ जास्त गुंतागुंतीचा आहे.

१५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेत समिती निवडायची, गावातले जुने-नवे तंटे नोंदवायचे, सामोपचाराने मिटवायचे आणि वर्षअखेरीला मूल्यमापनात गुण मिळवून बक्षीस घ्यायचं. विदर्भात ही मोहीम मनापासून राबवली गेली. धुऱ्याचे (शेताच्या बांधाचे), पांदणीचे (शेतरस्त्याचे), भावकीच्या वाटणीचे वाद समितीपुढे आले. घरच्यांचा विरोध असलेल्या जोडप्यांची लग्नं समितीने लावून दिली, तिथे हार घालायला पोलीस पाटीलही उभे राहिले. कोर्टाच्या तारखांना कंटाळलेल्या माणसांचे बरेच हेलपाटे तिने वाचवले, हे मोकळ्या मनाने मान्य करायला हवं.

शिवीगाळीची प्रकरणं मात्र या चौकटीत नीट बसली नाहीत. धुऱ्याच्या भांडणात मोजायला जमीन असते. अपमानात काय मोजायचं? समितीने दोघांना समोरासमोर बसवावं, ज्याने शिवी दिली त्याला ‘चुकलं’ म्हणायला लावावं, चहा मागवावा, तडजोडीच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्यात, की तंटा मिटला असं नोंदलं जाई. ज्याला शिवी लागली होती त्याचं समाधान झालं का, यासाठी त्या कागदावर जागा नव्हती. तक्रार लावून धरणारा मग गावाच्या बक्षिसाच्या आड येणारा ठरायचा. ‘जाऊ दे ना बापा, एवढं काय त्यात’ हे वाक्य पूर्वी शेजाऱ्याच्या तोंडी होतं, ते आता समितीच्या तोंडी आलं. बाई तक्रारदार असेल तर तिला ते दोनदा ऐकावं लागे, एकदा समितीत आणि एकदा घरी.

उरतो ठाण्याचा रस्ता. शिवीगाळीसाठी इतकी वर्षं भारतीय दंड विधानाचं कलम ५०४ लागायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ३५२ झालं. गुन्हा अदखलपात्रच राहिला. ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतात, पावती देतात, आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही असं सांगतात. बहुतेक प्रकरण तिथेच थांबतं. लोक उठसूट ठाण्यात जातात म्हणून नाकं मुरडली जातात, पण जाणाऱ्याच्या हातात पडतो तो एवढा एकच कागद. त्यावर ‘हे घडलं’ असं सरकारी शाईत लिहिलेलं असतं. पुष्कळांना तेवढंच हवं असतं.

थट्टेचा मुद्दाही इथेच पाहायला हवा, कारण विदर्भाइतकी उघड थट्टा फार थोड्या मुलखांत चालत असेल. पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की झडत्या, म्हणजे यमकातले टोमणे, सुरू होतात. कापसाचा भाव, सावकाराचं व्याज, पुढाऱ्याचं आश्वासन, एखाद्याची नवी मोटारसायकल, सगळ्यांची फिरकी यमकात घेतली जाते आणि शेवटी ‘हर बोला हर हर महादेव’. दंडार आणि खडी गंमत या इथल्या लोकनाट्यांतही तेच. पण या थट्टेला दिवस ठरलेला होता, जागा ठरलेली होती आणि ऐकणारे माहीत होते. ज्याच्यावर झडती झाली तो तिथेच उभा असे आणि उलट झडती मारू शकत असे. मानाची जोडी कोणाची, यावरून मात्र त्याच तोरणाखाली पिढ्यान्‌पिढ्या रुसवे चालत आले. तिथे गंमत चालत नसे.

२०१६ च्या सप्टेंबरनंतर डेटा स्वस्त झाला आणि खेड्यात हातोहाती स्मार्टफोन आले. झडतीचा तीस सेकंदांचा तुकडा त्याच संध्याकाळी तालुक्याच्या ग्रुपवर जाऊ लागला. तिथे उलट झडती मारता येत नाही. पाहणाऱ्यांना ना तो माणूस ठाऊक, ना ते तोरण. पुण्याला कंपनीत काम करणाऱ्या पोराला बापाची फिरकी दोनशे अनोळखी माणसांनी हसण्याचं चिन्ह लावून पुढे ढकललेली दिसते, तेव्हा तो चिडला तर त्याला हळवा म्हणणं मला पटत नाही. शब्द तेच असले तरी ऐकणारे बदलले की घाव बदलतो.

हा सगळा गुंता ज्या एका निकालात आला तो गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणाचा आहे. अर्जुनी मोरगाव ठाण्यात २०१६ मध्ये गुन्हा नोंदला गेला. व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सदस्याने एका महिला सदस्याबद्दल घाणेरडी भाषा वापरली. तिची तक्रार लिहिणाऱ्याविरुद्ध तर होतीच, शिवाय ॲडमिनविरुद्धही होती. ॲडमिनने त्या सदस्याला काढलं नाही, माफी मागायला सांगितलं नाही, उलट आपण काही करू शकत नाही असं म्हटलं. लैंगिक छळाचं आणि स्त्रीचा विनयभंग करणाऱ्या शब्दांचं कलम, चिथावणी आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ अशी कलमं लागली.

मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ॲडमिनविरुद्धचा गुन्हा रद्द केला. ॲडमिनचे अधिकार सदस्य घेण्या-काढण्यापुरते असतात. कोण काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही, ते रोखता येत नाही. दोघांचा समान इरादा किंवा आधी ठरलेला कट दिसत नसेल तर एकाच्या शब्दांसाठी दुसऱ्याला गुन्हेगार ठरवता येणार नाही, कारण तशी तरतूद कायद्यात नाही. कायद्याच्या अंगाने यात खोट काढणं कठीण आहे. तसं नसतं तर गावातल्या प्रत्येक भजनी मंडळाच्या आणि बचत गटाच्या ॲडमिनवर टांगती तलवार राहिली असती.

गावांत मात्र हा निकाल वेगळाच होऊन पोचला. ‘ग्रुपवर काही बी लिहा, ॲडमिनले काही होत नाही’ असा त्याचा अर्थ लागला. निकालाने लिहिणाऱ्याला सूट दिलेली नव्हती. दुसरं म्हणजे, त्या बाईने जे मागितलं होतं त्यात तुरुंगाच्या आधी दोन साध्या गोष्टी होत्या : त्याला काढा, किंवा माफी मागायला लावा. सदस्य काढणं ॲडमिनच्या हातात होतं, हे न्यायालयानेही म्हटलं आहे. ते न केल्याने गुन्हा होत नाही, एवढंच निकाल सांगतो. गावात समितीपुढे जी माफी निदान तोंडदेखली तरी मिळायची, ती ग्रुपवर कोणी मिळवून द्यायची हा प्रश्न तसाच राहिला. मला हा प्रश्न कलमांपेक्षा मोठा वाटतो. ग्रुपमधले बहुतेक लोक वाचतात, गप्प राहतात, आणि जो बोलतो त्याला ‘विषय वाढवू नको’ म्हणतात.

निकालामागची तांत्रिक बाजूही नंतर हलली. कोणाही सदस्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसण्याची सोय ॲडमिनला २०२२ मध्ये मिळाली. ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ ही सोय त्याआधी, २०१८ मध्येच आली होती, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये अयोध्या निकालाच्या वेळी पोलिसांनी ती वापरायला सांगितल्यावर ती खेड्यांतही माहीत झाली. आता निवडणूक आली, मिरवणूक आली की गावचे ग्रुप आठ-आठ दिवस बंद ठेवतात. आज कोणी बाई अशीच तक्रार घेऊन गेली तर ‘माझ्या हातात काही नाही’ हे ॲडमिनला पूर्वीइतक्या सहज म्हणता येणार नाही.

या काळात तक्रार करणारेही बदलले. ग्रामपंचायतीत महिलांचं आरक्षण २०११ मध्ये निम्म्यावर गेलं, आणि सरपंच बाई असताना सगळे तिच्या नवऱ्याला ‘सरपंच’ म्हणतात हे पूर्वी कोणाला खटकत नव्हतं ते आता काही ठिकाणी तिनेच ग्रामसभेत बोलून दाखवलं. शिकलेली पोरं ‘काय बे’ मित्राकडून हसत ऐकतात आणि दुकानदाराने बापाला तसं हाक मारलेलं खपवून घेत नाहीत. म्हातारी माणसंही यात मागे नाहीत. सुनेने ग्रुप सोडला, भाच्याने लग्नपत्रिका फोनवरच पाठवली, नातवाने पाया पडायचं टाळलं, यावरून वर्षवर्ष न बोलणारी घरं प्रत्येक गावात आहेत. ‘आजकालच्या पोरांले लगेच राग येते’ म्हणणाऱ्यांच्या घरातले हे रुसवे कोणत्याही ठाण्यात नोंदले जात नाहीत. म्हणून ते मोजण्यात येत नाहीत.