इंजिन चालू झालं की स्टिरिओमधून कुंईई आवाज का येतो आणि तो कसा घालवायचा

गाडी बंद असताना गाणं एकदम मस्त वाजतं, सेल मारला की मागून कुंईई सुरू होतं आणि रेस वाढवाल तसतसा तो आवाजही वर चढत जातो. बाईकच्या स्टिरिओबद्दल आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच आहे, आणि बहुतेक जण येतानाच ठरवून येतात की आता अँप्लिफायर बदलायचा नाहीतर मोठे स्पीकर टाकायचे. आमचं म्हणणं एवढंच की आधी थांबा, आवाज कुठल्या वाटेने आत शिरतोय ते बघू, कारण ती घाण तशीच ठेवून मोठा अँप्लिफायर लावला तर घाणही मोठ्यानेच ऐकू येणार.

हा आवाज येतो कुठून? इंजिनवर जे मॅग्नेट आणि कॉइल असतात ते एसी करंट तयार करतात, रेक्टिफायर युनिट त्याचं डीसी करतं आणि त्यावर बॅटरी चार्ज होते. पण हे डीसी एकदम सपाट नसतं, त्यावर बारीक लाटा राहतात, इंजिन जेवढं जोरात फिरेल तेवढ्या त्या जवळजवळ येतात म्हणून सूर चढतो. या लाटा गिळायचं काम बऱ्याच प्रमाणात बॅटरी करते. म्हणजे बॅटरी म्हातारी झाली किंवा तिचे टर्मिनल ढिले, पांढरे पडलेले असले तर लाटा थेट स्टिरिओपर्यंत येतात, आणि असं आम्ही किती वेळा बघितलंय की टर्मिनल घासून आवळल्यावर अर्धा आवाज तिथेच गेला.

मल्टिमीटर असेल तर घरीच बघता येतं. गाडी काही तास उभी असताना चांगल्या चार्ज बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट दिसतात, इंजिन थोड्या रेसवर असताना 13.5 ते 14.5 च्या मधे पाहिजेत. मग मीटर एसीवर ठेवून इंजिन चालू असताना परत मोजा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर रेक्टिफायर किंवा बॅटरी यातलं एक काहीतरी गेलंय आणि स्टिरिओला हात लावायच्या आधी ते नीट करायला हवं. (साधे काही मीटर एसीवर ठेवले तरी डीसी मोजतात आणि उगाच घाबरवतात, म्हणून आधी इंजिन बंद ठेवून बघा, आकडा शून्याजवळ आला तरच त्या मीटरवर विश्वास ठेवा.)

आता कान लावून ऐकायचं. रेसबरोबर चढणारी कुंईई म्हणजे चार्जिंगचा आवाज. टिकटिक टिकटिक, रेस दिली की खरखरीत बदलणारी, ती स्पार्कची. रेस कमीजास्त करा, काही फरक नाही, एकच बारीक शिट्टी चालूच, तर यूएसबी चार्जर किंवा एलईडी लाइटचा ड्रायव्हर धरा. आणि खड्ड्यात गाडी आदळली की खर्र होत असेल तर कुठेतरी वायर ढिली आहे. आणखी एक करून बघा, व्हॉल्यूम पूर्ण कमी करा. कुंईई पण कमी झाली तर ती व्हॉल्यूमच्या आधी, म्हणजे फोन किंवा ऑक्स वायरकडून (फोनमधून अँप्लिफायरला गाणं नेणारी वायर) येतेय, आणि तेवढीच राहिली तर अँप्लिफायरच्या सप्लायकडून किंवा अर्थिंगकडून.

एक गाडी आली होती, मालकांचे त्यावर दोन अँप्लिफायर बदलून झाले होते. फोन हँडलवर, चार्जिंगला लावलेला, आणि त्याच फोनमधून ऑक्स वायर अँप्लिफायरला. इंजिन चालू ठेवलं, कुंईई चालू होती, आम्ही फक्त चार्जिंगची वायर उपसली आणि आवाज जागच्या जागी बंद. ते चकितच झाले. कारण असं की चार्जरचं अर्थिंग हँडलजवळ चेसिसला होतं आणि अँप्लिफायरचं सीटखाली दुसऱ्याच बोल्टला, मधल्या लोखंडातून गाडीचा बाकीचा सगळा करंट वाहतो त्यामुळे या दोन जागांमधे थोडासा व्होल्टेजचा फरक पडतो, आणि तो फरक ऑक्सच्या वायरमधून गाण्यात मिसळतो. ऑक्सचा सिग्नल स्वतःच एक व्होल्टच्या आतबाहेर असतो, त्यात काही मिलिव्होल्टची भेसळ झाली तरी ऐकू येते. याला ग्राउंड लूप म्हणतात.

त्यामुळे आम्ही फिटिंग करतो तेव्हा पहिला नियम हा की स्टिरिओ, अँप्लिफायर, चार्जर सगळ्यांचं अर्थिंग एकाच जागी, आणि ती जागा शक्यतो बॅटरीचं निगेटिव्ह. चेसिसवर घ्यावंच लागलं तर रंग खरवडून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायचं, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) आवळायचा आणि वरून ग्रीस लावायचं, नाहीतर पावसाळ्यात गंज चढतो आणि आवाज परत येतो. प्लसची वायर पण थेट बॅटरीवरून, वीतभर अंतरातच फ्यूज, आणि इग्निशनबरोबर चालूबंद होण्यासाठी मधे रिले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालूबंद करणारा स्विच. हेडलाइटच्या किंवा हॉर्नच्या वायरला जोड मारून सप्लाय घेतलेला आम्हाला अजिबात पटत नाही, बारीक वायरमधे व्होल्टेज पडतं आणि बेस आला की आवाज फाटतो. ऑक्सची वायर प्लसच्या वायरपासून, स्पार्कच्या कॉइलपासून जमेल तेवढी लांबून न्यायची. स्पीकरची निगेटिव्ह वायर चेसिसला कधीच लावू नका, आजकालच्या बहुतेक अँप्लिफायरमधे दोन्ही वायरींवर सिग्नल असतो, अँप्लिफायर जळेल.

टिकटिक असेल तर प्लग बघा, बऱ्याच कंपन्यांच्या प्लगच्या नंबरात आर अक्षर असतं म्हणजे तो रेझिस्टरवाला. प्लग कॅपमधेही बहुतेक वेळा 5 किलो-ओहमचा रेझिस्टर असतो. कुणीतरी साधा प्लग किंवा साधी कॅप बसवली असेल तर हजारो व्होल्टचा तो स्पार्क रेडिओसारखा सगळीकडे पसरतो.

फिल्टर लावून काम होईल का, हे सगळे विचारतात. होतं, पण योग्य जागी. प्लसच्या वायरवरचा चोकवाला फिल्टर फक्त सप्लायमधून येणारा आवाज अडवतो, अर्थिंगमधून येणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. त्याला ऑक्सच्या वायरमधे ग्राउंड लूप आयसोलेटर लागतो, त्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, हलक्या दर्जाचा घेतला तर बेस थोडा पातळ होतो. आणि ब्लूटूथवर ऐकणार असाल तर ऑक्सची वायरच मधून जाते, म्हणून वरच्या त्या गाडीसारखा प्रॉब्लेम फुकटात सुटतो, फक्त ब्लूटूथ रिसीव्हर वेगळा असेल तर तो त्याच यूएसबी चार्जरवर चालवू नका.

हे सगळं साफ झाल्यावरही पळत्या गाडीवर गाणं ऐकू येत नाही, तर तिथे वारा आडवा येतो आणि वॅट वाढवून तो फारसा हरत नाही. पॉवर दुप्पट केली तरी फक्त 3 डेसिबल वाढतात. म्हणून खोक्यावरचा वॅटचा आकडा सोडा, 14 व्होल्टवर चालणारा साधा अँप्लिफायर 4 ओहमच्या स्पीकरला एका चॅनेलवर जेमतेम 20-24 वॅट स्वच्छ देऊ शकतो, आत व्होल्टेज वाढवणारी वेगळी सर्किट असेल तरच त्याच्या पुढे. त्यापेक्षा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरमधे स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते, बघून स्पीकर घ्या, 88 च्या जागी 91 डेसिबलवाला घेतला तर तेवढ्याच पॉवरमधे दुप्पट पॉवरचं काम होतं. तोंड सरळ कानाकडे पाहिजे. आणि स्पीकरची मागची बाजू बंद पाहिजे, उघडी राहिली तर मागचा आवाज पुढच्या आवाजाला खातो आणि गाणं पत्र्याच्या डब्यासारखं वाजतं. छोट्या स्पीकरला 100-120 हर्ट्झच्या खालचा बेस हायपास (फक्त वरचे सूर पुढे सोडणारा फिल्टर) लावून काढून टाका, पळत्या गाडीवर तो तसाही ऐकू येत नाही, उलट कोन त्यातच दमतो, आणि काढला की गायकाचा आवाज कसा उघडा होतो ते स्वतः ऐकून बघा, आम्हाला हा बदल सगळ्यात आवडतो.

एक मात्र मनापासून सांगतो, मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येईल एवढाच आवाज ठेवा. 85 डेसिबल रोज 8 तास ही कानासाठी साधारण मर्यादा मानतात आणि पुढच्या दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, आणि वेगात वाऱ्याचाच आवाज याच्या वर जातो.

गाडी आणताना नेहमीचाच फोन, नेहमीचाच चार्जर आणि वायर बरोबर आणा, आम्ही आमच्या वायरवर टेस्ट केली तर आवाज येणारच नाही आणि तुमचा आमचा दिवस वाया जाईल. आणि टाकीत पेट्रोल कमी ठेवा, बऱ्याच गाड्यांची वायरिंग टाकीखालून जाते, ती उतरवावी लागते.