तुळस रात्री ऑक्सिजन देत नाही
"तुळस चोवीस तास ऑक्सिजन सोडते, बेडरूममध्ये ठेवा," हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं नाही. ऑक्सिजन प्रकाशसंश्लेषणातून निघतो आणि त्याला उजेड लागतो. अंधारात तुळसही आपल्यासारखीच ऑक्सिजन घेते. अगदी थोडा, त्यामुळे घाबरायचंही कारण नाही.

पंचवटीतल्या आमच्या शेजारच्या काकूंनी याच आशेने तुळस खोलीत कोंडली. महिन्याभरात देठ लांबट, खालची पानं पिवळी. फार वाईट वाटलं.

पहिलीच कुंडी असेल तर तुळस जरूर लावा, पण उन्हात. बोट खुपसून बघा, माती कोरडी लागली तरच पाणी. मंजिऱ्या खुडत राहा, फांद्या फुटतात. नाशिकच्या जानेवारीतल्या थंडीत पानं गळतात. तेव्हा लगेच उपटू नका.