हीटरचे वॅट आणि हीटरचे अंश

थंडी सुरू झाली की मासे पाळणाऱ्यांच्या तोंडी दोन वाक्ये हमखास येतात. एक म्हणजे, 'टाकी लहान आहे म्हणून कमी वॅटचा हीटर घेतला, नाहीतर पाणी फार तापले असते'. आणि दुसरे म्हणजे, 'पाणी पुरेसे तापेना म्हणून हीटरची चकती 26 वरून 32 वर नेली'. दोन्ही ठिकाणी हीटरवरच्या दोन आकड्यांची गल्लत झालेली असते, आणि हीटर विकणारेही ती क्वचितच दूर करतात.

अंशांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण तो भाग बहुतेकांना पाठ असतो. गप्पी, मॉली, एंजल आणि टेट्रा यांच्या मिश्र टाकीला 25 ते 26 अंश सेल्सिअस मानवतात, डिस्कसला 28 ते 30 लागतात, आणि गोल्डफिश हा मुळात थंड पाण्याचा मासा असल्यामुळे त्याला या टाकीत जागाच नाही. (डिस्कसबरोबर गोल्डफिश ठेवणाऱ्यांशी वाद घालणे मी केव्हाच सोडून दिले आहे.) चकतीवरचा अंशांचा आकडा ही थर्मोस्टॅटला दिलेली थांबण्याची सूचना असते: पाणी इतके तापले की वीज तोडायची, थोडे निवले की पुन्हा जोडायची. इस्त्रीचा दिवा मधूनमधून विझतो आणि लागतो, तो याच कारणाने.

वॅटचा आकडा याहून अगदी निराळी गोष्ट सांगतो. हीटर चालू असताना दर सेकंदाला किती उष्णता पाण्यात जाते, एवढेच त्यातून कळते. पाणी कोठे थांबेल याच्याशी त्याचा संबंध नाही. 1 लिटर पाणी 1 अंशाने तापवण्यासाठी सुमारे 4,200 जूल उष्णता लागते. उष्णता मुळीच बाहेर जात नाही असे क्षणभर धरले, तर 100 लिटरच्या टाकीचे तापमान 1 अंशाने वाढवायला 100 वॅटचा हीटर सुमारे 70 मिनिटे घेतो आणि 200 वॅटचा 35 मिनिटे. दोन्हींची चकती 26 वर असेल, तर दोन्ही 26 लाच थांबतात.

परंतु उष्णता बाहेर जातेच, आणि खरी फसगत येथेच होते. पाणी खोलीपेक्षा जितके अधिक गरम, तितकी काचेतून आणि पृष्ठभागावरून उष्णता अधिक वेगाने निसटते. हिशेबासाठी असे समजा, की एका 100 लिटरच्या झाकलेल्या टाकीतून खोली आणि पाणी यांच्यातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे 8 वॅट उष्णता जाते. या टाकीत 50 वॅटचा हीटर अहोरात्र चालला, तरी तो पाण्याला खोलीपेक्षा जेमतेम 6 अंश वर ठेवू शकेल. नाशिक-निफाडच्या थंडीत खोलीचे तापमान रात्रभर 14 अंशांवर राहिले, तर पाणी 20 अंशांकडे घसरत जाईल. चकती 26 वर असो, 28 वर असो की 32 वर, काहीही फरक पडणार नाही, कारण थर्मोस्टॅटने वीज तोडलेलीच नाही. हीटरवरचा दिवा सतत लागलेला आहे. जो हीटर थांबतच नाही, त्याच्या थांबण्याचा आकडा वाढवून काय साधणार?

त्या वेळी काही साधत नाही, पण पुढे बिघडते मात्र बरेच. 32 वर नेलेली चकती तशीच विसरली जाते, मार्चमध्ये खोली 26 अंशांवर येते, आणि तोच अशक्त हीटर आता 6 अंशांची भर घालून पाणी आरामात 32 वर नेतो. मग 'हीटर बिघडला' अशी तक्रार होते, जेव्हा हीटरने सांगितले तेच इमानाने केलेले असते. माझा याबाबतीत आग्रह असा, की दिवा तासन् तास विझत नसेल तर चकतीला हातही लावू नये. वॅट वाढवावेत किंवा टाकीची उष्णता राखावी.

अधिक वॅट म्हणजे अधिक बिल, हा समजही याच गल्लतीतून येतो. वरच्याच टाकीत 14 अंशांच्या खोलीत 26 अंश राखायचे, तर 96 वॅट इतका ऱ्हास सतत भरून काढावा लागेल. 100 वॅटचा हीटर त्यासाठी जवळपास अखंड चालेल आणि 200 वॅटचा निम्मा वेळ. दिवसाचे सुमारे 2.3 युनिट दोन्हींना सारखेच लागतील. बिल कमी करायचे असेल तर झाकण घट्ट बसवावे आणि टाकीच्या मागे व खाली थर्मोकोल लावावा.

मोठ्या वॅटची भीती एकाच बाबतीत खरी आहे: थर्मोस्टॅट चालू अवस्थेत अडकला, तर 50 लिटरच्या टाकीत 300 वॅटचा हीटर सुरुवातीला दर 12 मिनिटांना सुमारे एक अंश चढवतो. म्हणून 100 लिटरला 150 वॅटचा एकच हीटर लावण्यापेक्षा 75 वॅटचे दोन लावणे मला केव्हाही पसंत आहे. एक बंद पडला तर दुसरा पाणी फार निवू देत नाही, आणि एक अडकला तरी पाणी सावकाश चढते व लक्षात यायला अवधी मिळतो.

चकतीवरचे आकडे एक-दोन अंशांनी चुकलेले असू शकतात, म्हणून वेगळा थर्मामीटर हवाच, आणि तो पाण्यात बुडणारा हवा. काचेवर बाहेरून चिकटवायची पट्टी खोलीच्या हवेनेही बदलते.

उन्हाळ्यात मात्र दोन्ही आकडे निरुपयोगी ठरतात. चकती 22 वर आणून पाणी निवण्याची वाट पाहणारे लोक आहेत, पण हीटरला थंड करणे ठाऊकच नाही. पाण्यात बर्फ टाकणे तर त्याहून वाईट, कारण अचानक झालेला चढउतार माशांना स्थिर 30 अंशांपेक्षा अधिक त्रास देतो. झाकण काढून, माशांनी उडी मारू नये म्हणून जाळी लावून, पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी काही अंश उतरते. विदर्भाच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो, कोकणच्या दमट हवेत कमी. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे या दिवसांत एअर पंप रात्रीही चालू ठेवावा. पंख्यामुळे पाण्याची पातळी रोज घटते, आणि हीटर टाकीतच असेल तर त्याच्यावरच्या किमान पातळीच्या खुणेच्या खाली ती जाऊ देऊ नये, कारण उघड्यावर तापलेली काचेची नळी तडकते.