टेस्ट आहेत, मग रिक्वायरमेंट वेगळी कशाला लिहायची?

सॉफ्टवेअरचं काम सुरू होताना बरेच ग्राहक आम्हाला हे विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. ऑटोमेटेड टेस्ट, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणारे छोटे प्रोग्रॅम, कोड बदलला की आपोआप चालतात आणि काही बिघडलं असेल तर तिथल्या तिथे दाखवतात. रिक्वायरमेंटचा, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायचं हे लिहिलेला, कागद मात्र जुना झाला तरी कुणाला पत्ता लागत नाही. मग टेस्टच रिक्वायरमेंट का मानू नयेत?

आमचं उत्तर ‘नाही’ असं आहे. टेस्ट हव्यातच, पण त्या रिक्वायरमेंटची जागा घेत नाहीत.

लीप वर्ष ओळखणारा प्रोग्रॅम घ्या. त्याच्या तीन टेस्ट आहेत: 2024 लीप आहे, 2023 नाही, 2000 आहे. प्रोग्रॅमरने फक्त ‘4 ने भाग जातो का’ एवढंच पाहिलं, तरी तिन्ही पास होतात. हाच प्रोग्रॅम 2100 साली 29 फेब्रुवारी दाखवेल, आणि त्या वर्षी ती तारीखच नाही. शतकी वर्षाला 400 ने भाग जात असेल तरच ते लीप असतं. 2100 ची चौथी टेस्ट घातली की ही चूक सापडते. पण ती घालायचं सुचण्यासाठी नियम आधी माहीत असावा लागतो. टेस्ट नियमाची उदाहरणं देते, अख्खा नियम सांगत नाही. टेस्टिंगने चुका असल्याचं दाखवता येतं, नसल्याचं नाही, हे संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी 1969 मध्येच बजावलं होतं.

दुसरी अडचण आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. ‘15 मिनिटं वापर नसेल तर लॉगआउट’ याची टेस्ट सोपी आहे. पुढे कुणी म्हणालं, 30 करा, तर टेस्टमधला आकडा बदलायला क्षणही लागत नाही. पण बदलावा का? एकच संगणक अनेकजण वापरतात, आधीच्याची माहिती पुढच्याला दिसू नये, म्हणून 15 ठरले होते. हे कारण टेस्टमध्ये कुठेच नसतं. म्हणून आम्ही प्रत्येक रिक्वायरमेंटखाली तिचं कारण लिहितोच.

शिवाय कोड आणि टेस्ट एकाच गैरसमजातून लिहिल्या गेल्या, तर सगळं हिरवं, म्हणजे पास, दिसतं आणि सॉफ्टवेअर चुकीचं असतं. हे टाळायला मुख्य टेस्ट आम्ही कुकुंबरसारख्या साधनात, साध्या वाक्यांत लिहितो: ‘खातं बंद असताना, जेव्हा ग्राहक लॉगिन करतो, तेव्हा त्याला कारण दिसतं.’ कोड लिहिण्याआधी ही वाक्यं तुमच्याकडे येतील. रोजचं काम करणाऱ्या माणसाला ती जरूर वाचायला द्या. ‘आमच्याकडे असं होत नाही’ हे त्याच वेळी कळलं, तर दुरुस्ती एका ओळीची असते.

‘नवख्याला न शिकवता वापरता यावं’ अशा अपेक्षा टेस्टने तपासता येत नाहीत. त्यासाठी माणसं बसवून पाहावं लागतं आणि आम्ही तसं पाहतो.

प्रत्येक रिक्वायरमेंटला क्रमांक असतो आणि तिच्या टेस्टवर तोच क्रमांक असतो. तुमची सही रिक्वायरमेंटवर होते. टेस्ट आणि रिक्वायरमेंट जुळत नसतील, तर आम्ही परस्पर काही ठरवत नाही, तुम्हाला विचारतो. बदल कळवताना मात्र नुसता नवा आकडा पाठवू नका. तो का हवा, हेही दोन ओळींत लिहा.